देखणा, सुटसुटीत आणि परवडणारा जुना रेंजफाइंडर कसा निवडावा

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी सकाळी नळाच्या तोट्या, गंजकी कुलपं आणि घड्याळाच्या पट्ट्यांच्या ढिगात एक रुपेरी कॅमेरा पडला होता. कातडं शाबूत, क्रोम लखलखीत, लेन्सभोवतीची अक्षरं कोरी. मी थोडी घासाघीस केली आणि घेऊन टाकला. घरी आल्यावर मोबाइलचा टॉर्च लेन्समधून मारला, तेव्हा आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली. दुरुस्ती करणाऱ्या काकांकडे नेला. त्यांनी दोनदा खटका दाबला, लेन्स उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "घ्यायच्या आधी दाखवायला आणायचात हो. बुरशीनं काचेवरचं कोटिंग खाल्लंय. पुसून जाळं जाईल, कोटिंग कुठून आणू?"

त्यानंतरच्या काही वर्षांत काकांच्या दुकानात बसून जे शिकलो, ते इथे क्रमानं लिहितो. त्यातली मुख्य गोष्ट आधीच सांगतो: पन्नास वर्षं जुन्या वस्तूत मॉडेलपेक्षा हातातला नग महत्त्वाचा. एकाच मॉडेलचे दोन नग आज एकमेकांचे ओळखीचेही राहिलेले नसतात. एक कुणाच्या कोरड्या कपाटात झोपून राहिला, दुसऱ्यानं कोकणातले चाळीस पावसाळे काढले.

आधी तो रेंजफाइंडर आहे ना, हे पाहा

रेंजफाइंडर म्हणजे वस्तूचं अंतर मोजून फोकस लावायची सोय असलेला कॅमेरा. बाजारात आरसा नसलेल्या कुठल्याही जुन्या कॅमेऱ्याला सर्रास रेंजफाइंडर म्हणतात. ऑलिंपस ट्रिप ३५ आणि रोलाय ३५ हे दोन्ही सुंदर कॅमेरे आहेत, पण त्यांत अंतर अंदाजानं लावावं लागतं. आपल्याकडे घरोघरी असलेला आग्फा क्लिक थ्री तर निव्वळ डबा कॅमेरा.

खऱ्या रेंजफाइंडरला पुढून दोन खिडक्या असतात. एक मोठी, जिच्यातून आपण पाहतो, आणि थोड्या अंतरावर एक छोटी. छोट्या खिडकीतून आलेलं चित्र आतल्या आरशावरून वळून मोठ्या खिडकीतल्या चित्रावर पडतं. त्यामुळे मध्यभागी एक फिकट, बहुधा पिवळसर ठिपका दिसतो आणि त्यात वस्तू दुहेरी दिसते. लेन्सची रिंग फिरवली की आतला आरसा हलतो. दोन चित्रं एकावर एक बसली की फोकस झाला. डोळ्याच्या बाहुलीवर, चष्म्याच्या काडीवर किंवा खांबाच्या उभ्या कडेवर ठिपका ठेवून हे फार अचूक करता येतं. आरसा वर उडत नसल्यानं आवाज अगदी हलका होतो आणि खटका दाबतानाही माणूस डोळ्यांसमोर राहतो. मला हे कॅमेरे आवडतात ते मुख्यतः त्यासाठी.

मर्यादाही समजून घ्या. आपण लेन्समधून पाहत नसतो, त्यामुळे लेन्सवर झाकण राहिलं तरी पाहायच्या खिडकीत, म्हणजे व्ह्यूफाइंडरमध्ये, सगळं छान दिसतं. या वर्गातले बहुतेक कॅमेरे ८० ते ९० सेंटिमीटरपेक्षा जवळ फोकस होत नाहीत. ताटातल्या मोदकाचा क्लोजअप हवा असेल तर हा कॅमेरा तुमच्यासाठी नाही.

तुमची गरज तीन प्रश्नांत ठरवा

पहिला प्रश्न, खिशात हवा की गळ्यात? दुसरा, एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर किती उजेड पडावा हे, तुम्ही लावणार की कॅमेऱ्यानं लावायचं? तिसऱ्या प्रश्नावर लोक सर्वांत जास्त पैसे वाया घालवतात: मोठं अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड येण्याचं भोक) खरंच लागणार आहे का?

एफचा आकडा जितका लहान तितकं हे भोक मोठं, आणि एफ १.७ ची लेन्स म्हटली की किंमत चढते. पण या कॅमेऱ्यांचं सर्वांत वेगवान शटर, म्हणजे उजेड आत सोडणारी झडप, साधारण १/५०० सेकंदाचं असतं. आपल्याकडच्या भर उन्हात ४०० आयएसओचा (उजेडाला बराच संवेदनशील) रोल घातला तर १/५०० ला सुद्धा एफ १६ च्या आसपास राहावं लागतं. एफ १.७ तिथे उघडताच येत नाही. ते कामाला येतं संध्याकाळी, घरात, देवळाच्या गाभाऱ्याबाहेर किंवा ट्यूबलाइटखाली. एफ १.७ आणि एफ २.८ मध्ये साधारण दीड स्टॉपचा फरक आहे (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड). तुमचे बहुतेक फोटो दिवसा रस्त्यावरचे असतील, तर एफ २.८ ची लेन्स लहान आणि हलकी मिळते, शिवाय सहसा स्वस्तही पडते.

कुठले कॅमेरे शोधावेत

पुढची नावं बाजारात खरोखर सापडणारी आहेत. सगळे ३५ मिलिमीटरचा साधा रोल घेणारे.

ऑलिंपस ३५ आरसी हे माझं पहिलं उत्तर. १९७० चा हा कॅमेरा सुमारे ४१० ग्रॅमचा आहे आणि तळहातावर मावतो. लेन्स ४२ मिलिमीटर, एफ २.८. शटरचा वेग आपण निवडायचा, अ‍ॅपर्चर कॅमेरा लावतो. हवं तर दोन्ही हातानं लावता येतात. व्ह्यूफाइंडरमध्ये वेग आणि अ‍ॅपर्चर दोन्ही दिसतात, जे त्याच्यापेक्षा महागड्या कित्येक कॅमेऱ्यांत नसतं. शटरच्या वेगाची चकती वरच्या पत्र्यावर आहे, एखाद्या मोठ्या कॅमेऱ्यासारखी. सर्वांत कमी वेग १/१५, त्याखाली थेट बी, म्हणजे खटका दाबून ठेवाल तेवढा वेळ शटर उघडं. अंधारातल्या फोटोंसाठी ही मर्यादा जाणवते.

कॅनोनेट क्यूएल १७ जी-३ हा १९७२ चा. ४० मिलिमीटर, एफ १.७ लेन्स, वजन सुमारे ६२० ग्रॅम. क्यूएल म्हणजे क्विक लोड: रोलची जीभ खुणेपर्यंत ओढायची आणि मागचं दार लावायचं, बाकी काम आतली पट्टी करते. पहिल्यांदाच रोल भरणाऱ्यासाठी हे वरदान आहे. हातानं एक्स्पोजर लावलं की मात्र त्याचं उजेड मोजणारं मीटर बंद राहतं. नावाजलेला असल्यानं त्याची किंमत वाढली आहे, आणि काळा रंग असेल तर आणखी जास्त सांगतात. रुपेरी आणि काळ्यात फोटोला काडीचाही फरक पडत नाही. तरीही काळाच मनात भरला असेल तर जरूर घ्या. जो कॅमेरा हातात घ्यावासा वाटतो तोच रोज बाहेर निघतो.

याशिका इलेक्ट्रो ३५ ही मालिका १९६६ ला सुरू झाली, आणि जीएसएन हे मॉडेल १९७३ चं. ४५ मिलिमीटर, एफ १.७ लेन्स अप्रतिम आहे. अ‍ॅपर्चर आपण लावायचं, वेग कॅमेरा ठरवतो. उजेड जास्त झाला तर लाल बाण पेटतो, वेग फार कमी पडत असेल तर पिवळा. देखणा आहे, पण सुटसुटीत नाही. पाऊण किलोच्या आसपास वजन आणि चांगलाच रुंद. वेग हातानं लावायची सोय नाही, आणि सेल नसेल तर शटर फक्त १/५०० ला चालतं.

मिनोल्टा हाय-मॅटिक ७एस-२ आणि कोनिका ऑटो एस३ हे दोन्ही लहान अंगाचे आणि मोठ्या अ‍ॅपर्चरचे. कुणी रास्त भावात देत असेल तर सोडू नका, पण खास त्यांच्या मागे लागलात तर खिसा हलका होईल. हाय-मॅटिक घराण्याची एक गोष्ट मला फार आवडते. १९६२ च्या फेब्रुवारीत अमेरिकी अंतराळवीर जॉन ग्लेन पृथ्वीभोवती फिरून आला, तेव्हा त्याच्याजवळ दुकानातून घेतलेला अ‍ॅन्स्को ऑटोसेट होता. तो मूळचा मिनोल्टा हाय-मॅटिकच, फक्त नाव वेगळं. कोनिका सी३५ आणि रिको ५००जी हे एफ २.८ चे साधे, गुणी कॅमेरे. त्यांच्याकडे कुणी फारसं पाहत नाही, म्हणून तुम्ही पाहा.

खिशातच हवा असेल तर ऑलिंपस एक्सए. १९७९ ला आलेला, ऑलिंपसचे डिझायनर योशिहिसा मैतानी यांनी घडवलेला. झाकण सरकवलं की तयार. ३५ मिलिमीटर, एफ २.८, आणि वजन फक्त सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास. एवढ्याशा अंगात खरा रेंजफाइंडर बसवलाय याचं मला आजही नवल वाटतं. पण तो पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक आहे. आतलं सर्किट गेलं तर दुरुस्तीवाले सहसा हात जोडतात.

सोव्हिएत कॅमेऱ्यांची वाट निराळी. खार्किवचे फेड आणि मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कचे झॉर्की हे मूळ जर्मन लायकाच्या धर्तीवर बनलेले आणि लेन्स बदलता येणारे. दणकट आहेत, पण वजनदार आणि ओबडधोबड. त्यांचा एक नियम पक्का लक्षात ठेवा: आधी वाइंड करायचं, म्हणजे रोल पुढच्या चित्रावर सरकवायचा, मगच शटरचा वेग बदलायचा. उलट केलंत तर आतली यंत्रणा बिघडू शकते. त्यांच्या शटरचा पडदा कापडी असतो. उघड्या लेन्सनं कॅमेरा सूर्याकडे राहिला तर भिंगानं कागद जळावा तसं त्या कापडाला भोक पडतं. आणि कुणी अगदी स्वस्तात "लायका" दाखवला, तर तो बहुधा नाव कोरलेला फेड किंवा झॉर्की असतो.

कुठे शोधायचा

सर्वांत आधी घरातलं कपाट. काका, मामा, आत्याचे यजमान, कुणीतरी आखातातून किंवा सिंगापूरहून येताना कॅमेरा आणलेला असतोच. मामांच्या लोखंडी कपाटातून निघालेली याशिका मी वापरतो. "चालतोय का ते बघ, चालला तर तूच ठेव," एवढंच ते म्हणाले. अशा कॅमेऱ्याचा इतिहास माहीत असतो, आणि तोच सर्वांत मोठा फायदा.

त्यानंतर पुण्याचा जुना बाजार, जो बुधवारी आणि रविवारी भरतो, आणि मुंबईत चोर बाजारातली मटण स्ट्रीट. फोर्टातल्या बोरा बाजारात कॅमेऱ्याची दुकानं आहेत. तालुक्याच्या गावातले जुने फोटो स्टुडिओही विसरू नका. दुकान आवरताना मालक अशा वस्तू काढतात, आणि त्यांनी त्या जिवापाड सांभाळलेल्या असतात.

ऑनलाइन घेताना भाषा नीट वाचा. "तपासलेला नाही" याचा अर्थ बंद आहे असाच धरा. विक्रेत्याकडे दोन गोष्टींचा व्हिडिओ मागा: बी वर शटर उघडं ठेवून लेन्समधून टॉर्च, आणि व्ह्यूफाइंडरला मोबाइल लावून फोकस रिंग फिरताना ठिपका. तो टाळाटाळ करायला लागला तर तुम्हीही पुढे चला. परदेशातून मागवलात तर सीमाशुल्क आणि कुरिअरचा खर्च आधीच हिशेबात धरा.

हातात आल्यावर दहा मिनिटांची तपासणी

बाजाराला जाताना खिशात मोबाइल, एक नाणं, वाया गेलेला एक रोल आणि शक्य असेल तर योग्य सेल ठेवा. मग याच क्रमानं चाला.

आधी ठिपका. लेन्स अनंतावर (∞ या खुणेवर) लावा आणि लांबची टाकी, मनोरा किंवा इमारतीची कड पाहा. दोन्ही चित्रं एकजीव व्हायला हवीत. आडवा थोडा फरक असेल तर तो बहुतेक कॅमेऱ्यांत जुळवता येतो. एक चित्र वर आणि एक खाली दिसत असेल, तर कॅमेरा कधीतरी पडलेला असण्याची शक्यता आहे. ठिपका फिका असेल तर घाबरू नका. आतली धूळ पुसली की बरंचसं सुधारतं. मोठ्या खिडकीच्या मध्यावर बाहेरून काळ्या चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावला तरी ठिपका उठून दिसतो. पण ठिपका मुळीच दिसत नसेल तर आतल्या काचेचा मुलामा उडालेला असू शकतो. असा नग सोडा.

मग शटर. मागचं दार उघडा, वाइंड करा आणि प्रत्येक वेगाला खटका दाबून समोरून लेन्समध्ये पाहा. पाती उघडून लगेच मिटली पाहिजेत. अर्धवट उघडणं, रेंगाळणं किंवा पात्यांवर तेलाची चमक दिसणं याचा अर्थ सर्व्हिसिंगचा खर्च ठरलेला. सेल्फ टायमरला हात लावू नका. सुकलेल्या तेलामुळे तो मध्येच अडकला तर शटरही उघडं राहून अडकतं, आणि विक्रेता तुम्हालाच धरतो.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. कॅनोनेट आणि ३५ आरसी हे दोन्ही ए वर, म्हणजे ऑटोमॅटिकवर, असताना सेल नसेल किंवा उजेड पुरेसा नसेल, तर खटका खाली जात नाही. चुकीचा फोटो येऊ नये म्हणून केलेली ती सोय आहे. विक्रेता "जाम आहे, स्वस्तात देतो" म्हणाला तर रिंग ए वरून एखाद्या आकड्यावर आणा आणि पुन्हा दाबा. एकदा चोर बाजारात जाम म्हणून बाजूला टाकलेला एक कॅनोनेट अशा एका वळशात सुरू झाला, तो आवाज अजून कानात आहे.

याशिका इलेक्ट्रो असेल तर वाइंडिंगचा लिव्हर सावकाश फिरवा. फिरवण्याच्या शेवटी शेवटी आतून "टक" असा ठोस आवाज यायला हवा. आतली रबराची एक छोटी गादी विरघळून गेली की तो आवाज येत नाही आणि शटरचा वेग मनमानी होतो. दुरुस्ती शक्य आहे, पण कॅमेरा उघडावा लागतो. मागचं सेल तपासायचं बटण दाबल्यावर फोटोंचा आकडा दाखवणाऱ्या खिडकीत दिवा लागतो का, तेही पाहा.

आता लेन्स. शटर बी वर उघडं धरा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा आणि मागून टॉर्च मारा. धुळीचे कण चालतील. पुढच्या काचेवरचा एखादा बारीक ओरखडाही चालेल. धाग्यांसारखी जाळी किंवा दुधाळ धुकं चालणार नाही. धुकं कधीकधी साफ होतं, पण त्या भरवशावर पैसे मोजू नका.

सेलचं झाकण नाण्यानं उघडा. हिरवी किंवा पांढरी पूड दिसली तर सेल आत फुटून गळलेला आहे. थोडी असेल तर व्हिनेगरमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीनं निघते. झाकणच उघडत नसेल तर तारेपर्यंत गंज गेलेला समजा.

शेवटी मागचं दार. कडेच्या खाचांमधला फोम बोटाला डांबरासारखा चिकटत असेल तर त्याची काळजी नको, तो या वयात सगळ्यांचाच जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून अरुंद खाचेत काळी लोकर आणि बिजागरीपाशी काळं फेल्ट चिकटवलं की काम होतं. ही दुरुस्ती घरी एका दुपारी जमते, आणि विक्रेत्याशी भाव करताना हाच मुद्दा उपयोगी पडतो. वाया गेलेला रोल भरून वाइंड करा. रिवाइंडचा नॉब फिरला म्हणजे फिल्म पुढे सरकते आहे.

सेलचा प्रश्न

१९७० च्या दशकातले यातले बरेच कॅमेरे १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालायचे. पीएक्स ६२५ हा त्यातला सर्वांत नेहमीचा. पाऱ्यामुळे ते बंद झाले. त्याच आकाराचा १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल बसतो, पण मीटरला उजेड आहे त्यापेक्षा जास्त वाटतो आणि फोटो काळवंडतात. उत्तम तोड म्हणजे कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा सेल. तो १.४ व्होल्टचा असतो आणि श्रवणयंत्रांच्या दुकानात मिळतो. जागा मोठी असल्यानं भोवती रबराची एक रिंग घालावी लागते. त्यावरची चिकटपट्टी काढली की हवा लागून तो सुरू होतो आणि काही आठवड्यांत संपतो, म्हणून रोल भरायच्या दिवशीच पट्टी काढा. इलेक्ट्रोला ५.६ व्होल्टचा सेल लागायचा. आता सहा व्होल्टचा ४एलआर४४, एक स्प्रिंग आणि पुठ्ठ्याची नळी एवढ्यावर ती आनंदानं चालते.

किंमत ठरवताना

माझा हिशेब असा: मी माझ्या मनात सगळ्या खर्चासाठी दहा हजारांची मर्यादा ठेवतो आणि त्यातला एक तृतीयांश सर्व्हिसिंगसाठी आधीच बाजूला काढतो. विक्रेत्यानं नुकतंच सर्व्हिसिंग केल्याचं सांगितलं तर कुणाकडे, हे विचारा. रोल, धुलाई आणि स्कॅनिंग मिळून एका रोलमागचा खर्च हजाराच्या पुढे सहज जातो. चार-पाच रोलांत कॅमेऱ्याची बरोबरी होते. म्हणून स्वस्तातला आजारी नग घेऊन रोल वाया घालवण्यापेक्षा थोडे जास्त देऊन धडधाकट नग घेणं खरोखर स्वस्त पडतं.

पहिला रोल

घरी आल्यावर आधी मोबाइलच्या स्लो मोशननं शटर मोजा. सेकंदाला २४० चित्रं घेणारा व्हिडिओ असेल, तर १/१५ ला पाती साधारण १६ चित्रांमध्ये उघडी दिसावीत आणि १/३० ला ८ मध्ये. त्याहून वरचे वेग असे नीट मोजता येत नाहीत. जुनी शटरं बहुधा थोडी मंद असतात. कलर निगेटिव्ह जादा उजेड खपवून घेते, म्हणून पहिला रोल तिचाच घाला.

पहिली चार चित्रं परीक्षेसाठी द्या. भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून बरोबर एक मीटरवरून पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला एक, अनंतावर लांबच्या दृश्याचं एक, आणि एकाच उन्हातल्या जागेची दोन, एकदा जास्त वेगानं आणि एकदा कमी वेगानं, अ‍ॅपर्चर त्याप्रमाणे बदलून. वहीत सगळं लिहा. रोल धुऊन आला की निगेटिव्ह स्वतः मागून घ्या, नुसत्या स्कॅनवर थांबू नका. दोन चित्रांमधलं अंतर सारखं आहे का, कडेकडून आत घुसलेले डाग आहेत का, हे निगेटिव्हवरच दिसतं. डाग चित्राबाहेर छिद्रांपर्यंत गेले असतील तर उजेड दारातून शिरतो आहे. वर्तमानपत्राची अक्षरं धूसर आली असतील, तर रेंजफाइंडर जुळवून घ्यावा लागेल.

जूनपासून मात्र खरी काळजी सुरू होते. कातडी केसमध्ये कॅमेरा ठेवू नका, ती ओलावा धरून ठेवते आणि बुरशी तिथूनच सुरू होते. माझे कॅमेरे रबरी कडेच्या हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत असतात. पुड्यांतल्या खड्यांचा रंग बदलला की ते काढून तव्यावर मंद आचेवर गरम करतो आणि गार झाल्यावर परत ठेवतो. दर रविवारी डबा उघडून प्रत्येक कॅमेऱ्याचं शटर सगळ्या वेगांना दोन-दोनदा चालवतो, लेन्स उजेडाकडे धरून पाहतो आणि डबा पुन्हा बंद करतो.